जवानाच्या नावाचं कडं: करण्याआधी आणि केल्यावर

परतूरच्या पोरांना मनगटातलं कडं नवं नाही. स्टीलचं जाडजूड कडं असतं, तांब्याचं असतं, देवस्थानाहून आणलेला धागा असतो, आणि राखी पौर्णिमेला बांधलेली राखी पोळ्यापर्यंत हातात टिकवणारेही असतात. त्याच मनगटावर आपल्या भागातल्या एखाद्या जवानाचं नाव असावं, आणि त्या निमित्ताने जखमी सैनिकांसाठी चार पैसे उभे राहावेत, असा विचार तुमच्या मंडळात, शाळेत किंवा भरतीसाठी पहाटे पळायला जाणाऱ्या मुलांच्या गटात निघाला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

विचार चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण त्यात दोन नाजूक गोष्टी आहेत. नाव त्या घराचं असतं आणि पैसा लोकांचा असतो. दोन्हींवर आपला हक्क नाही, हे धरून चाललं की पुढचं सगळं सोपं होतं.

अशा कड्यांची चाल अमेरिकेत पडली. व्हिएतनाम युद्धात कैद झालेल्या आणि बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या नावांची धातूची कडी लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यांनी ११ नोव्हेंबर १९७० पासून लोकांना द्यायला सुरुवात केली. त्यावर तीनच गोष्टी असत: हुद्दा, नाव आणि तो हरवला ती तारीख. किंमत अडीच-तीन डॉलर. माणूस परत येईपर्यंत कडं उतरवायचं नाही, असा घालणाऱ्याचा नेम. पुढे १९७३ मध्ये कैदी सुटले, तेव्हा अनेकांनी आपल्या हातातलं कडं काढून त्या त्या सैनिकाच्या घरी पाठवून दिलं. जवळजवळ पन्नास लाख कडी लोकांच्या हाती गेली.

आपल्याकडे त्याच सुमारास, ५ डिसेंबर १९७१ रोजी, फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं सुखोई विमान पाकिस्तानातल्या शोरकोटजवळ पडलं. पाकिस्तानच्या ताब्यात राहिले असं ज्यांच्याबद्दल मानलं जातं, त्या ५४ भारतीय सैनिकांच्या यादीत त्यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती. त्यानंतर त्या अनेक दशकं सरकारदरबारी नवऱ्याचा शोध घेत राहिल्या. तांब्यांच्या नावाची कडी आपल्याकडे त्या वेळी कुणी काढली असती, तर या बाईंना निदान एवढं कळलं असतं की नाव लक्षात ठेवणारी आपण एकटी नाही. कड्याचा खरा उपयोग हाच आहे, आणि तो आजही तेवढाच आहे.

आधी घर, मग नाव

कुणाचं नाव घालायचं हे मंडळाच्या बैठकीत ठरवून मोकळं होऊ नका. आधी त्या घरी जा. वीरपत्नी आणि आई-वडील, दोघांनाही विचारा. अनेक घरांत जवान गेल्यावर सून आणि सासू-सासरे वेगळे राहू लागतात, त्यामागे कारणं असतात, आणि ती विचारायची आपल्याला गरज नाही. एकाला विचारून दुसऱ्याला डावललं, तर आपल्या चांगल्या कामातून त्या घरात नवी कुरबुर सुरू होते.

बोलायला घोळक्याने जाऊ नका. दोघं-तिघं जा, त्यात गावातला एखादा माजी सैनिक असू द्या, फोनचा कॅमेरा खिशातच राहू द्या. एवढंच म्हणा: “काकू, दादांचं नाव कड्यावर घालून आम्ही पोरांनी हातात घालावं, असं मनात आहे. तुमची इच्छा असली तरच. आज लगेच सांगू नका, आम्ही पुन्हा येऊ.” पुन्हा गेल्यावर त्या नको म्हणाल्या, तर विषय तिथेच संपवा. कारण विचारू नका, दुसऱ्याकडून गळ घालू नका. काही आयांना लेकाचं नाव विकलं जातंय ही कल्पनाच सोसत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

होकार मिळाला तर तो एका कागदावर घ्या: नाव कसं लिहायचं, कोणती तारीख घालायची, किती कडी काढायची, पैसे कुठे जाणार. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. पहिली कडी त्या घराला, अर्थात मोफत.

नाव लिहिण्यात चुका फार होतात. सैन्याच्या कागदपत्रांत नाव इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत फिरून येतं, तेवढ्यात राठोडचा राठौड होतो आणि सोळंकेचा सोळंकी. घरात जसं लिहितात तसंच घाला. वडिलांचं नाव मध्ये हवं का, तेही घरच्यांनाच विचारा.

हुद्दा आणि दलाचं नाव मात्र कागद पाहूनच लिहा. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात ४० जवान गेले. त्यांत आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. मंठ्याकडच्या लोकांना चोरपांग्रा काही परकं नाही. हे दोघेही केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, म्हणजे सीआरपीएफचे. हे दल गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतं, सैन्यदलं संरक्षण मंत्रालयाच्या. तरी श्रद्धांजलीच्या फलकांवर सीआरपीएफच्या जवानासाठी सर्रास ‘भारतीय सेना’ लिहिलेलं दिसतं. ज्याने आयुष्यभर सीआरपीएफचा बिल्ला अभिमानाने लावला, त्याच्या नावाशेजारी दुसऱ्याच दलाचं नाव घालणं हा त्याचा अपमान आहे. शिवाय मदतीचा निधी कोणता, हेही दलावरच ठरतं. ते पुढे सांगतो.

मृत्यू कसा आला, हे कड्यावर लिहू नका. सैन्य शत्रूशी लढताना झालेला मृत्यू वेगळा नोंदवतं आणि कर्तव्यावर असताना आजाराने किंवा रस्त्यावरच्या अपघातात झालेला मृत्यू वेगळा. त्या नोंदीवर घराचं पेन्शन आणि मदत अवलंबून असते, त्यामुळे त्या घरासाठी हा दुखरा विषय असू शकतो. हुद्दा, नाव, दल आणि तारीख एवढं पुरेसं आहे.

कडं कसं करून घ्यावं

नुसतं नाव घालायचं तर ते भांड्याच्या दुकानातही होईल. लग्नात द्यायच्या डब्यावर, तांब्यावर ज्या थरथरत्या सुईच्या मशीनने नाव टाकतात, तीच मशीन कड्यावर चालते. अक्षर कसं येईल ते मात्र हाताच्या सफाईवर आहे. पाच-दहा कडी असतील तर असा कसबी हात शोधा. शंभर-दोनशे करायची असतील तर जालन्यात किंवा संभाजीनगरात लेसरवर करून घ्या. लेसरवाल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: नुसता काळा छाप नको, अक्षर खोदलेलं हवं. वरवरचा छाप घामाने आणि घासण्याने फिकट होतो. खोदलेलं अक्षर बोटाला लागतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

धातू स्टेनलेस स्टीलच घ्या. पितळ घामाने हिरवट होतं, तांबं मनगटावर डाग सोडतं. स्टीलमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार नेहमी मिळतात. ३१६ थोडं महाग असतं, पण घामाला जास्त टिकतं. काहींना स्टीलमधल्या निकेलने खाज सुटते, त्यांनी कडं काढून ठेवावं, हट्ट करू नये. पट्टी तोंडाशी उघडी असावी, म्हणजे थोडी दाबून किंवा फाकवून कुठल्याही हाताला बसते. मनगटाभोवती दोरा गुंडाळून माप घ्या आणि पट्टी त्याहून बोटभर आखूड ठेवा. दोन्ही टोकांना कानस मारून कोपरे गोल करून घ्या. हे राहिलं तर शाळेतल्या पोरांचे सदरे आणि शेजाऱ्याचे हात ओरबाडले जातात.

देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. सहा मिलिमीटरच्या पट्टीवर इंग्रजी नाव सहज बसतं, मराठी नावाचा उकार कडेला कापला जातो. पट्टी किमान दहा-बारा मिलिमीटरची घ्या आणि नाव एकाच ओळीत ठेवा. सगळी कडी करण्याआधी कागदाच्या पट्टीवर खऱ्या आकारात नाव छापून घ्या, ती पट्टी त्या घरी नेऊन दाखवा, आणि घरच्यांनी मान हलवल्यावरच मशीनवर द्या. ‘शिंदे’वरचा एक अनुस्वार राहिला तर दोनशे कडी वाया जातात. त्याहून वाईट म्हणजे ती चुकलेली कडी तशीच वाटण्याचा मोह होतो.

तिरंगा आणि सिंह यांच्याबाबत सावध राहा. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वजावर कोणतीही अक्षरं लिहिता येत नाहीत, म्हणजे कड्यावर तिरंगा काढून त्यात जवानाचं नाव घालणं नियमात बसत नाही. अशोकस्तंभाचे चार सिंह ही राजमुद्रा आहे. ती कोणी वापरावी यावर २००५ चा कायदा आहे आणि मंडळांना ती मोकळी नाही. रेजिमेंटचं चिन्हही परवानगीवाचून घेऊ नये. साध्या पट्टीवर साधं नाव, याच्याइतकं देखणं काही होत नाही.

पैशाला मध्ये हात नको

आता पैशाचं. माझं मत ठाम आहे: कड्याची किंमत आणि देणगी यांची सरमिसळ करू नका. समजा कडं १२० रुपयांना पडलं आणि तुम्ही ते २०० ला दिलं. ८० रुपये जवानांसाठी, असं तुम्ही सांगता. मग त्यातून गाडीभाडं जातं, बॅनर होतो, सत्काराच्या शाली येतात, आणि शेवटी हिशेब विचारणारा गावाचा शत्रू ठरतो. त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. कडं १२० लाच द्या, ज्या भावाला पडलं त्या भावाला. देणगी मात्र ज्याची त्याने आपल्या फोनवरून थेट सरकारी निधीत भरायची, पावती दाखवायची आणि कडं न्यायचं. देणगी पन्नास रुपये असो की पाच हजार, मंडळाच्या हातात ती येतच नाही, म्हणून बोट दाखवायला जागाही राहत नाही.

ज्यांना रोखच द्यायचे आहेत त्यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, जालना. तिथे सशस्त्र सेना ध्वजदिन निधीची अधिकृत पावती मिळते. ध्वजदिन १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला असतो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असा तीन पट्ट्यांचा छोटा कागदी ध्वज आपण शाळेत असताना खिशाला लावलेला असतो, तोच हा. तीन रंग तीन सैन्यदलांचे. या निधीतून माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला मदत होते. मंडळाने स्वतः दारोदार वर्गणी काढायची ठरवलीच, तर आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणपतीच्या वर्गणीला जो नियम, तोच इथेही.

ऑनलाइन देणाऱ्यांसाठी दोन सरकारी संकेतस्थळं लक्षात ठेवा. जवान सैन्य, नौदल किंवा हवाई दलातला असेल तर ‘माँ भारती के सपूत’. संरक्षण मंत्रालयाने हे १४ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलं, आणि इथला पैसा आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंडात जातो. लढताना गेलेल्यांची घरं आणि लढताना अपंग झालेले जवान, दोघांसाठी हा निधी आहे. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांसाठी २०१७ पासून ‘भारत के वीर’ आहे. तिथे एखाद्या विशिष्ट जवानाच्या घरासाठीही थेट मदत देता येते.

व्हॉट्सॲपवर आलेल्या खाते क्रमांकावर किंवा क्यूआर कोडच्या फोटोवर एक रुपयाही पाठवू नका. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर, सैन्यासाठी सरकारने खातं उघडलंय असा संदेश देशभर फिरला आणि संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला. लोकांच्या मनात कळवळा असतो तेव्हाच असे संदेश सुटतात. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाईप करा, शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते पाहा, आणि पैसे जाण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव वाचा.

आयकर भरणाऱ्यांसाठी एवढंच: देणगीवरची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या रकमेवर मिळत नाही.

जिवंत जखमींना विसरू नका

जे गेले त्यांच्या नावाचा चौक होतो, कमान होते, कडंही होतं. जे जखमी होऊन परत आले त्यांचं नाव कुणी घेत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. मधली ४६ वर्षं मराठी शाळांमधल्या किती मुलांना हे नाव ठाऊक होतं?

अशा जवानांसाठीच्या देशातल्या नावाजलेल्या संस्था आपल्या पुण्यातच आहेत. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांना सांभाळतं. कुणी मानेखाली काहीच हलवू शकत नाही, आणि तोंडात कुंचला धरून चित्रं काढतं. कुणी चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतं. खडकीतच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या शिपायांसाठी १९१७ मध्ये ती मुंबईत सुरू झाली, आणि आजही अपंग सैनिकांना पोटापाण्याचं शिक्षण देते. कृत्रिम हातपाय बनवणारं लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर पुण्यात १९४४ पासून आहे. पहिल्या दोन संस्थांना देणगी चालते. रोख किंवा वस्तू नेण्याआधी त्यांना पत्र लिहून किंवा फोन करून विचारा, काय हवं आहे. न विचारता नेलेल्या ब्लँकेटांच्या ढिगापेक्षा त्यांनी सांगितलेली एक खुर्चीची गादी कामाची. परतूरच्या शाळेने पुण्याची सहल काढली, तर शनिवारवाड्याबरोबर खडकीचा एक तास परवानगी काढून ठेवावा. मुलांना तिथे नेण्याआधी सांगा की कुणाच्या खुर्चीला न विचारता हात लावायचा नाही, आणि ‘बिच्चारे’ म्हणायचं नाही.

मदत करायला पुण्यालाच जावं लागतं असंही नाही. सैनिकांचं पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून येतं आणि दरवर्षी हयातीची नोंद करावी लागते. खेड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या वीरपत्नींच्या बोटांचे ठसे मशीनवर उठत नाहीत, फोनवरचा ओटीपी वाचता येत नाही, आणि पेन्शन थांबलं की कुणाला विचारावं ते कळत नाही. कडं घालणाऱ्या पोराने वर्षातून एक दिवस अशा एका आजीला सेवा केंद्रात न्यावं आणि नोंद झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत सोबत बसावं. उपचाराला संभाजीनगरच्या ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात जायचं असेल तर परतूरहून रेल्वे आहेच, फक्त डब्यात हात धरून चढवणारं कुणीतरी लागतं.

घालताना आणि उतरवताना

मळणीयंत्र, कडबाकुट्टी, जिनिंगमधलं यंत्र, विजेची मोटार, बॅटरी: यातल्या कशालाही हात लावण्याआधी कडं काढून खिशात ठेवा. यंत्रात कडं अडकलं तर हात ओढला जातो, आणि धातू विजेला लागला तर काय होतं ते सांगायला नको. नीटसारख्या परीक्षेला धातूची वस्तू आत नेऊ देत नाहीत. भरतीच्या मैदानावरही ते घरीच ठेवा. कडं घालून दारूच्या दुकानात बसू नये, हे मी लिहायची गरज नसावी, पण वाटप करताना तोंडाने जरूर सांगा. ज्या नावाने आपण ओळख सांगतो, त्या नावाची आई त्याच गावात बाजाराला येत असते.

लहान मुलांना स्टीलचं कडं देऊ नका. त्यांच्यासाठी राखी बरी. शाळांमधून सीमेवर राख्या पाठवण्याची पद्धत आहेच. त्यात मिठाई घालू नका, वाटेत खराब होते. राखीबरोबर मुलाच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी असू द्या: आमच्याकडे पाऊस कसा आहे, सोयाबीन किती वर आलंय. महिनाभर आधी टपालात टाका. गावातला जवान असेल तर त्याच्या घरून युनिटचा पत्ता घ्या, त्यात शेवटी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असं असतं, आणि तो जसाच्या तसा लिहा. तो पत्ता फेसबुकवर टाकू नका. तो कुठे तैनात आहे हेही टाकू नका.

कडं वाकलं, तुटलं, नको झालं, तर भंगारवाल्याला देऊ नका. मंडळात एक डबा ठेवा, तुटलेली कडी त्यात जमा करा आणि वर्षाच्या शेवटी त्या घरी विचारा, यांचं काय करायचं. काही ठेवून घेतील, काही म्हणतील वितळवा. ते म्हणतील तसं.

यंदा हे करायचंच असेल तर ७ डिसेंबर गाठा. त्या घरी पहिल्यांदा गणपती उठल्यावर जा. दिवाळीला नको, जवान गेलेल्या घरात दिवाळीचे दिवस जड असतात. होकार आला की ऑक्टोबरात कागदी पट्टीवर नाव पक्कं करा, नोव्हेंबरात कडी करून घ्या आणि महिना संपण्याआधी जालन्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ध्वजदिन निधीच्या खात्याचा तपशील घेऊन या. जाताना घरच्यांच्या सह्यांचा कागद सोबत ठेवा, तिथले अधिकारी आधी तोच मागतील असं धरून चला.